टपाल कामगारांच्या वतीने बोलणीला कोण बसतं?

वेतनकरार झाला की वर्तमानपत्रात एक ठरलेला फोटो येतो. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, पुढे दोन माणसं हात मिळवताहेत आणि मागे दहा-बाराजण ओळीने उभे. खाली मजकूर असतो, 'व्यवस्थापन आणि युनियन यांच्यात समझोता'. मला त्या मागच्या ओळीतल्या माणसांविषयी लिहायचं आहे. ती कोण असतात, तिथवर कशी पोचतात, त्यांच्या हातात किती असतं आणि किती नसतं, हे युनियनची वर्गणी भरणाऱ्या सभासदालाही पुष्कळदा ठाऊक नसतं. मग करार मनासारखा झाला नाही की 'पुढाऱ्यांनी विकून टाकलं' असं म्हणून आपण मोकळे होतो. कधीकधी ते खरंही असेल, पण बहुतेक वेळा गोष्ट वेगळीच असते.

उदाहरणासाठी मी कॅनडाचे टपाल कामगार घेतोय. 'कॅनडा पोस्ट' ही तिथल्या केंद्र सरकारच्या मालकीची कंपनी. 'कॅनेडियन युनियन ऑफ पोस्टल वर्कर्स' ही तिच्यातली सर्वांत मोठी युनियन, साधारण ५५ हजार कामगारांची. नोव्हेंबर २०२३ मध्ये या दोघांत सुरू झालेली बोलणी दोन वर्षं चालली आणि तेवढ्यात होण्यासारखं सगळं होऊन गेलं. मध्यस्थ आले, संप झाला, सरकारने आदेश काढून संप थांबवला, चौकशी आयोग बसला, कामगारांवर सक्तीचं मतदान लादलं गेलं, पुन्हा संप झाला. वाटाघाटींचं यंत्र आतून कसं चालतं हे बघायचं असेल तर इतकं उघडं पडलेलं उदाहरण क्वचित मिळतं. टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टन-मिसिसॉगाकडच्या मराठी घरांनी तर २०२४च्या नाताळाच्या तोंडावर रिकाम्या पत्रपेट्या स्वतःच पाहिल्या आहेत.

मागण्या येतात कुठून

बोलणी करणारी टीम मागण्या ठरवत नाही. तिच्या हातात मागण्या दिल्या जातात. ही पहिली गोष्ट नीट समजली की पुढचं बरंच सोपं होतं.

जुना करार संपायच्या कितीतरी आधी गावोगावच्या शाखांमध्ये सभासदांच्या सभा होतात. एखादा पोस्टमन उठून सांगतो, हिवाळ्यात जिन्यांवरचा बर्फ कोणी काढत नाही, पाय घसरून माणसं पडतात, याचं काहीतरी लिहून घ्या. सॉर्टिंगला रात्रपाळी करणारी बाई म्हणते, पाळी बदलायची तर किती दिवस आधी सांगायचं हे करारात असायला हवं. हे ठराव शाखेतून विभागाच्या परिषदेत जातात, तिथून राष्ट्रीय कार्यकारिणीकडे. शेकडो ठरावांतून मागण्यांचा एक मसुदा तयार होतो आणि तो पुन्हा सभासदांपुढे मताला टाकला जातो. मंजूर झाला तरच टीमने तो घेऊन टेबलावर जायचं. आपल्याकडच्या कारखान्यांत ज्याला मागणीपत्र किंवा 'चार्टर ऑफ डिमांड' म्हणतात, त्याचाच हा अवतार. फरक इतकाच की कॅनडात त्यावर सगळ्यांचं मत घेतलेलं असतं.

या वाटेवर बरीच भांडणं होतात आणि ती व्यवस्थापनाशी नसतात. निवृत्तीला आलेल्याला पेन्शन महत्त्वाची, नुकत्याच लागलेल्या हंगामी माणसाला आठवड्याचे तास. गोदामातल्या यंत्रावरच्या कामगाराला पाळीचा प्रश्न, पायी बटवडा करणाऱ्याला पिशवीच्या वजनाचा. सगळ्यांचं सगळं पहिल्या नंबरावर बसू शकत नाही. टीमची पहिली वाटाघाट अशी घरातच होते, आणि अनुभवी लोक सांगतात की तीच जास्त थकवणारी असते. समोरच्या बाजूला निदान तो 'समोरचा' आहे हे माहीत असतं.

टीममधली माणसं

प्रमुख वाटाघाटकार एक असतो. त्याच्याबरोबर युनियनचे पूर्णवेळ पदाधिकारी आणि खुद्द टपालात काम केलेले लोक असतात. वकील आणि अभ्यासक मदतीला असतात, पण टीमचा कणा टपाल कामगारांचाच. यामागे भाबडा लोकशाहीवाद आहे असं मला वाटत नाही, यामागचं कारण व्यवहारी आहे. व्यवस्थापनाने म्हटलं, 'या बदलामुळे प्रत्येक फेरीत फार तर दहा मिनिटं वाढतील', तर ते खरं की खोटं हे वकिलाला कळणार नाही. वीस वर्षं पिशवी वाहिलेल्या माणसाला ते ऐकताक्षणी कळतं.

टेबलावर कामं वाटलेली असतात. एकजण बोलतो, बाकीचे शक्यतो गप्प. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं, पण चार तोंडांनी चार गोष्टी निघाल्या की समोरचे लोक त्यांतली सर्वांत स्वस्त गोष्ट उचलतात. दुसरा एकजण अखंड टिपणं घेत असतो. हे काम दुय्यम वाटतं, पण तसं नाही. तीन वर्षांनी करारातल्या एखाद्या वाक्याच्या अर्थावरून वाद झाला आणि प्रकरण लवादापुढे गेलं, तर 'त्या दिवशी नेमकं काय बोलणं झालं होतं' हे या वहीतून निघतं. तिसऱ्याला पेन्शनचे आणि वैद्यकीय विम्याचे आकडे तोंडपाठ असतात. चौथा तक्रारींच्या फायली सांभाळलेला, म्हणजे जुन्या करारातलं कोणतं कलम कुठे फाटलं आहे हे जाणणारा.

मधेच कोणीतरी म्हणतं, जरा थांबू. मग दोन्ही पक्ष आपापल्या खोल्यांत जातात आणि खरी चर्चा तिथे होते. वाटाघाटींतला निम्म्याहून जास्त वेळ अशा बंद खोल्यांत किंवा नुसती वाट बघण्यात जातो. चित्रपटात दाखवतात तशी टेबलावर मूठ आपटण्याची वेळ फार क्वचित येते. कलमावर कलम घेत पुढे जायचं, जे पटलं त्यावर तात्पुरती सही करून बाजूला ठेवायचं, आणि पैशाचा विषय साधारणपणे शेवटाकडे. 'तात्पुरती' हा शब्द महत्त्वाचा. सगळं पटेपर्यंत काहीच पक्कं नसतं, आणि सगळं पटल्यावरही सभासदांनी मत देईपर्यंत ते पक्कं नसतं.

टक्क्यांचा हिशेब

बोलणीच्या या फेरीच्या सुरुवातीला युनियनने चार वर्षांत २४ टक्के पगारवाढ मागितली होती. कॅनडा पोस्टने ११.५ टक्के देऊ केली. मे २०२५ मध्ये कंपनीने 'अंतिम प्रस्ताव' दिला, त्यातला आकडा होता १३.५९ टक्के. हा विचित्र आकडा कुठून आला? पहिल्या वर्षी ६, दुसऱ्या वर्षी ३, मग २ आणि २. बेरीज १३ होते. पण दुसऱ्या वर्षीचे ३ टक्के पहिल्या वर्षी वाढलेल्या पगारावर मिळतात, तिसऱ्या वर्षीचे त्याच्याही वर. चक्रवाढीने ते १३.५९ होतात. त्यामुळे 'चार वर्षांत इतके टक्के' असं वाचलं की पहिल्यांदा विचारायचं, ही साधी बेरीज आहे की चक्रवाढ?

दुसरा प्रश्न, मोठी वाढ पहिल्या वर्षी आहे की शेवटच्या? समजा तासाला ३० डॉलर मिळतात. ६ टक्के पहिल्याच वर्षी मिळाले तर तो १ डॉलर ८० सेंट चारही वर्षं खिशात येत राहतो. तेच ६ टक्के चौथ्या वर्षी दिले तर अंतिम पगार तितकाच दिसतो, पण मधल्या तीन वर्षांचे पैसे गेलेले असतात. आकडेवारी बघणारा माणूस टीममध्ये लागतो तो याकरता.

कंपनीची अडचण खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. २००६ मध्ये कॅनडा पोस्टने जवळजवळ ५५० कोटी पत्रं पोचवली होती. आता ती संख्या २०० कोटींच्या आसपास उतरली आहे. २०१८ पासून कंपनीचा तोटा ३०० कोटी डॉलरच्या वर गेला आणि २०२५च्या सुरुवातीला केंद्र सरकारला १०० कोटी डॉलरहून मोठं कर्ज द्यावं लागलं. पार्सलचा धंदा वाढला खरा, पण तो खाजगी कंपन्यांनी ओढून नेला. युनियनच्या टीमपुढे पेच असा, की समोरच्याची तिजोरी रिकामी आहे हे दिसत असताना आपल्या माणसांची महागाई तर थांबलेली नाही.

एका कलमासाठी एवढं रामायण का

बाहेरच्या लोकांना वाटतं, भांडण पगाराचं असेल. या वेळी खरी मेख दुसरीकडेच होती. पहिली शनिवार-रविवारच्या पार्सल बटवड्याची. कंपनीला त्याकरता अर्धवेळ माणसं हवी होती. शनिवार-रविवारी पार्सलं पोचवायला युनियनची ना नव्हती, पण ती पूर्णवेळ नोकऱ्यांतून व्हावीत असा तिचा आग्रह होता. आज दोन दिवसांसाठी घेतलेली अर्धवेळ माणसं उद्या पाचही दिवसांचा साचा बनतात, ही भीती. ती निराधार म्हणता येत नाही. जगभर पार्सलच्या धंद्यात तेच झालं आहे.

दुसरी मेख म्हणजे रोज बदलणारी फेरी. यावर जरा थांबतो, कारण हे कळलं की टपालाचं काम म्हणजे काय तेच कळतं.

आपल्याकडे पोस्टमनचं 'बीट' असतं. तिकडेही असतं. पत्रवाहकाची फेरी ठरलेली असते. तिच्यात किती घरं, किती जिने, किती चालणं, किती पत्रपेट्या हे मोजून तिला किती वेळ लागतो ते ठरवलेलं असतं. ज्येष्ठतेप्रमाणे माणूस फेरी निवडतो. मग वर्षानुवर्षं तो तिच्यावर चालतो. कोणत्या अंगणात कुत्रा मोकळा असतो, कोणत्या जिन्याची तिसरी पायरी कुजली आहे, कोणत्या घरातल्या आजींना पेन्शनचा कागद आज आला नाही तर उद्या त्या दारात उभ्या असतात, हे त्याला ठाऊक असतं. हे ज्ञान कुठल्याही पत्त्यांच्या यादीत नसतं.

कंपनीचं म्हणणं होतं, पत्रं रोज सारखी येत नाहीत. मंगळवारी ढीग असतो, बुधवारी काहीच नसतं. मग फेरी रोज सकाळी संगणकाने आखावी, ज्या दिवशी जेवढं टपाल तेवढंच काम. कागदावर हे शहाणपणाचं वाटतं, आणि औद्योगिक चौकशी आयोगाच्या विल्यम कॅप्लन यांनीही मे २०२५च्या अहवालात या दिशेनेच शिफारस केली. पण फेरीवर चालणाऱ्याच्या बाजूने बघा. आज आपण कुठे जाणार हे त्याला सकाळी कळणार. परिचयाचा जिना जाणार, अनोळखी जिना येणार. आणि मुख्य म्हणजे मोजमाप त्याच्या हातून जाणार. आज 'माझी फेरी आठ तासांत बसत नाही, पुन्हा मोजा' असं तो म्हणू शकतो. रोज बदलणाऱ्या फेरीचं माप कोण काढणार आणि त्याला आव्हान कसं देणार? टीमने या कलमावर इतका काळ घालवला त्यामागे हट्ट आहे असं दुरून वाटू शकतं. कामाचं माप कोणाच्या हातात असावं हा प्रश्न होता, आणि तो पगाराहून मोठा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

टीमच्या पाठीशी काय असतं

टेबलावरचा माणूस कितीही हुशार असो, त्याचं वजन बाहेर उभ्या असलेल्या लोकांवरून ठरतं. कॅनडाच्या कामगार कायद्यात यासाठी पायऱ्या आहेत. आधी बोलणीची नोटीस. गाडं अडलं तर मंत्र्याला कळवायचं, मग सरकारी मध्यस्थाला ६० दिवस. तरी जमलं नाही तर २१ दिवस थांबायचं. संपासाठी गुप्त मतदान घ्यायचं, आणि संपावर जायच्या ७२ तास आधी लेखी सूचना द्यायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये हे मतदान झालं तेव्हा ९५ टक्क्यांहून जास्त मतं संपाच्या बाजूने पडली. १५ नोव्हेंबरला देशभर टपाल थांबलं.

संपाचं मतदान म्हणजे संप नव्हे, हे इथे सांगून ठेवतो. बातमी वाचताना पुष्कळांची गल्लत होते. ते मतदान टीमच्या खिशात ठेवलेलं अधिकारपत्र असतं. बहुतेक वेळा ते बाहेर काढावं लागत नाही, आहे एवढं समोरच्याला माहीत असलं की पुरतं.

या वेळी ते काढावं लागलं आणि चार आठवडे उलटल्यावर सरकार मधे पडलं. कायद्याच्या १०७व्या कलमाचा आधार घेऊन कामगारमंत्र्यांनी १३ डिसेंबरला औद्योगिक संबंध मंडळाकडे प्रकरण सोपवलं. मंडळाने कामगारांना १७ डिसेंबरपासून कामावर परतायला सांगितलं आणि जुने करार २२ मे २०२५ पर्यंत लांबवले. संसदेत कायदा नाही, चर्चा नाही, फक्त मंत्र्याचं पत्र. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने संपाच्या हक्काला राज्यघटनेचं संरक्षण आहे असं म्हटलं होतं. त्या पार्श्वभूमीवर हे कलम असं वापरणं मला चुकीचं वाटतं. सरकार येऊन सोडवणार हे एकदा कळलं की टेबलाच्या कोणत्याच बाजूला घाई उरत नाही.

मे महिन्यात मुदत संपल्यावर युनियनने संपाऐवजी जादा कामावर बंदी घातली. मग सरकारने दुसरं हत्यार काढलं. कंपनीचा अंतिम प्रस्ताव टीमला बाजूला ठेवून थेट कामगारांपुढे मताला टाकायचा. कायदा मंत्र्यांना हा अधिकार देतो. यामागचा तर्क उघड होता, टीम अडून बसली आहे, सामान्य कामगार मात्र 'हो' म्हणेल. १ ऑगस्ट २०२५ ला मतदान संपलं. शहरी कामगारांपैकी ६८.५ टक्के आणि ग्रामीण-उपनगरी वाहकांपैकी ६९.४ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. टीम खरोखर सभासदांच्या मनातलं बोलत होती की नाही, याची याहून चोख परीक्षा झाली नसती.

सप्टेंबरच्या २५ तारखेला सरकारने आणखी ४० लाख पत्त्यांवरचा दारोदार बटवडा बंद करून सामायिक पेट्या बसवण्याची वाट मोकळी केली आणि त्याच दिवशी पुन्हा देशव्यापी संप सुरू झाला. ऑक्टोबरात तो आळीपाळीच्या संपावर आला, म्हणजे आज या शहरात, उद्या त्या. २१ नोव्हेंबर २०२५ ला दोन्ही पक्षांनी तत्त्वतः समझोता जाहीर केला. त्यानंतरही कलमांची भाषा ठरवायला महिना लागला. 'तत्त्वतः' आणि 'शब्दशः' यांच्यामधल्या त्या महिन्यात टिपणांची वही उघडून बसणाऱ्या माणसाचं काम सर्वांत जास्त असतं.

एक मागणी आणि एक तुरुंगवास

अशा टीमला काय मिळवता येतं याचं मला सर्वांत आवडतं उदाहरण १९८१ चं आहे. याच युनियनने ४२ दिवसांचा संप करून १७ आठवड्यांची भरपगाराच्या जवळ जाणारी बाळंतपणाची रजा मिळवली. तेव्हा ती मागणी अनेकांना अवाजवी वाटत होती, टपालाचा आणि बाळंतपणाचा संबंध काय असं विचारणारेही होते. पण युनियनमध्ये बायकांची संख्या वाढली होती, त्यांनी मागणी खालून वर रेटली आणि टीमने ती शेवटपर्यंत सोडली नाही. पुढे इतर युनियननी आपापल्या करारांत तीच मागणी ठेवली. आज कॅनडात नोकरी करणाऱ्या कितीतरी मराठी मुली ज्या वातावरणात बाळंतपणाची रजा हक्काने मागतात, त्याच्या मुळाशी काही अंशी हे ४२ दिवस आहेत.

त्याच्या तीन वर्षं आधीची गोष्ट कडू आहे. १९७८ मध्ये संप मोडणारा कायदा संसदेने केला तेव्हा युनियनचे अध्यक्ष ज्याँ-क्लोद पारो यांनी सभासदांना कामावर जायला सांगितलं नाही. त्याबद्दल त्यांना तीन महिन्यांची कैद झाली. टीमचं पुढारपण म्हणजे फोटोत पुढे उभं राहणं एवढंच नसतं.

अमेरिकेत चित्र वेगळं. मार्च १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या पत्रवाहकांनी कायदा मोडून संप केला, तो देशभर पसरून दोन लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी टपाल उचलायला सैनिक पाठवले. त्यातून टपाल कामगारांना पगारावर बोलणी करण्याचा हक्क मिळाला, संपाचा मात्र मिळाला नाही. तिथे गाडं अडलं की लवाद निर्णय देतो आणि तो बंधनकारक असतो. पत्रवाहकांच्या युनियनने केलेला १.३ टक्के वार्षिक वाढीचा करार सभासदांनी जानेवारी २०२५ मध्ये ७० टक्क्यांहून जास्त मतांनी फेटाळला. प्रकरण लवादाकडे गेलं. निकाल आला १.३, १.४ आणि १.५ टक्के. संपाचा हक्क नसताना 'नाही' म्हणण्याची किंमत केवढी, ते या तीन आकड्यांत दिसतं.

आपल्याकडे

भारतात टपाल कर्मचाऱ्यांच्या लढ्याचा इतिहास लहान नाही. जुलै १९४६ चा टपाल संप मुंबई-कलकत्त्यात इतर कामगारांच्या हरताळापर्यंत पोचला होता. जुलै १९६० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा पाच दिवसांचा संप झाला. त्यानंतर, १९६६ मध्ये, संयुक्त सल्लागार यंत्रणा आली, तिला सगळे 'जेसीएम' म्हणतात. तिच्या बैठकीत एका बाजूला 'ऑफिशियल साइड' आणि दुसऱ्या बाजूला 'स्टाफ साइड'. राष्ट्रीय, खात्याची आणि प्रादेशिक अशा तीन पातळ्या. पगार-भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा या तीनच विषयांत एकमत झालं नाही तर सक्तीच्या लवादाकडे जाता येतं. बाकी विषयांत सल्लामसलत. नावातच 'सल्लागार' आहे, ते उगीच नाही.

स्टाफ साइडला बसायला मान्यता लागते. संघटनेला संबंधित कर्मचाऱ्यांपैकी किमान ३५ टक्के सभासद दाखवावे लागतात. दुसऱ्या क्रमांकाच्या संघटनेला १५ टक्के. आणि मान्यता देणारं जसं सरकार, तसं काढून घेणारंही सरकारच. एप्रिल २०२३ मध्ये टपाल खात्यातल्या सर्वांत मोठ्या महासंघाची, 'एनएफपीई'ची मान्यता काढून घेतली गेली, तेव्हा टेबलाची एक बाजू किती झटक्यात रिकामी होऊ शकते ते दिसलं. जिच्याशी बोलायचं ती टीम कोण हे समोरच्याच पक्षाने ठरवावं, हा मला आपल्या रचनेतला सर्वांत मोठा कच्चा दुवा वाटतो.

दुसरं टेबल

आतापर्यंत मी एका टीमविषयी बोललो. कॅनडात टेबलं दोन असतात. एक शहरी कामगारांचं, दुसरं ग्रामीण आणि उपनगरी वाहकांचं. दोन करार, दोन वेगळ्या वाटाघाटी, आणि म्हणून ऑगस्टमधल्या मतदानाचे आकडेही दोन.

हे दुसरं टेबल आपोआप आलं नाही. खेड्यापाड्यांत स्वतःच्या गाडीतून टपाल पोचवणारी ही माणसं, त्यांत बहुसंख्य बायका, २००४ पर्यंत कामगार मानलीच जात नव्हती. कायद्यातल्या एका कलमाने त्यांना 'कंत्राटदार' ठरवून सामुदायिक बोलणीचा हक्क नाकारला होता. वर्षानुवर्षं संघटन करून २००४ मध्ये साधारण सहा हजार जण युनियनमध्ये आले आणि त्यांचा पहिला करार झाला. २०१८ मध्ये लवादाने मान्य केलं की त्यांचं काम शहरातल्या, मुख्यतः पुरुष असलेल्या पत्रवाहकांच्या कामाइतकंच मोलाचं आहे आणि मोबदला मात्र कमी होता. तरीही फेरीवर पगार की तासावर, गाडी कोणाची, हे प्रश्न या वेळच्या बोलणीतही टेबलावर होतेच.

हे वाचताना ज्यांच्या घरात कोणी ग्रामीण डाकसेवक आहे त्यांना काहीतरी आठवलं असेल. आपल्याकडे असे अडीच लाखांच्या आसपास लोक आहेत. खेड्यातलं शाखा डाकघर तेच चालवतात. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ते 'सिव्हिल पोस्ट'वर, म्हणजे सरकारी पदावर आहेत, पण नियमित सरकारी कर्मचारी ते धरले जात नाहीत. दिवसाचे चार-पाच तास काम असं धरून त्यांचा मोबदला ठरतो, आणि तो केंद्रीय वेतन आयोग ठरवत नाही. त्यासाठी वेगळ्या समित्या नेमल्या जातात. शेवटची कमलेश चंद्र समिती, तिचा अहवाल २०१६ चा. तो लागू व्हायला मे २०१८ मध्ये डाकसेवकांना दोन आठवडे संप करावा लागला. समितीपुढे निवेदन देता येतं, म्हणणं मांडता येतं. पण निवेदन देणं आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला खुर्ची असणं यांत फरक आहे, कारण निवेदन देणाऱ्याला समितीच्या निर्णयाला 'नाही' म्हणता येत नाही.

माझे मामा राजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात शाखा डाकपाल होते. आता निवृत्त आहेत. कॅनडाच्या या दुसऱ्या टेबलाविषयी मी त्यांना फोनवर सांगत होतो, मतदानाचे टक्के, लवादाचा निकाल, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "ते सगळं बरं झालं. पण गाडी त्यांची स्वतःची ना? मग पेट्रोलचं आणि टायरचं काय ठरलं?" मी सांगितलं की गाडी कंपनीने द्यावी ही मागणी यादीत होती. "यादीत कोणी घातली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चालवणाऱ्यांनीच.